चंद्रावर गेलेली गोल्फची काठी

मनुष्य परगांवीं निघाला म्हणजे त्याच्या सामानावरून त्याचा व्यवसाय पुष्कळ वेळां ओळखतां येतो. गवयाबरोबर तंबोरा असतो, वैद्याबरोबर औषधांची पेटी असते, आणि खेळाडूबरोबर त्याच्या खेळाचें साहित्य असतें. हें साहित्य कित्येकदां त्यास स्वतःच्या कपड्यालत्त्यांपेक्षां अधिक जपावें लागतें. ज्या बॅटवर वर्षानुवर्षें हात बसला ती सोडून दुसऱ्याच्या बॅटनें खेळणें म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून पोथी वाचण्यासारखेंच होय. आगगाडीच्या आणि आगबोटीच्या काळांत ह्या साहित्याची फारशी अडचण पडत नसे. बोटीच्या पोटांत शेंकडों टन माल मावे. त्यांत चार पेट्या अधिक झाल्या काय आणि उण्या झाल्या काय, सारखेंच. विमान मात्र ह्या बाबतींत निराळ्या स्वभावाचें वाहन आहे. तें उडतें तें वजनाच्या हिशोबावर, आणि त्या हिशोबांत खेळाडूची बॅट व व्यापाऱ्याचें गाठोडें ह्यांत भेद केला जात नाहीं.

ही गोष्ट विमानवाहतुकीच्या कायद्यांतही उतरलेली आहे. इ. स. १९२९ सालीं वॉर्सा येथें आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाविषयीं जो करार झाला, त्यांत उतारूचें नोंदलेलें सामान हरवल्यास भरपाई किती द्यावी हें ठरविलेलें होतें. उतारूनें विशेष किंमत आगाऊ जाहीर केली नसेल तर दर किलोस २५० फ्रँक ही त्या भरपाईची मर्यादा होती. म्हणजे वस्तूची योग्यता तिच्या गुणावरून नव्हे तर तिच्या वजनावरून ठरली! ज्या काठीनें एखाद्यानें आयुष्यांतील सर्वांत मोठा सामना जिंकला ती काठी आणि तितक्याच वजनाची लोखंडी पहार, ह्यांस तराजूच्या दृष्टीनें मोल एकच.

गोल्फ खेळणारास ही अडचण इतरांहून अधिक. त्याच्या झोळींत एक काठी नसते, अनेक असतात. लांब टोल्याची निराळी, आंखूड टोल्याची निराळी, वाळूंतून चेंडू काढण्याची निराळी. पूर्वीं ह्या संख्येस धरबंधच नव्हता. अमेरिकेंत १९३८ सालीं आणि ब्रिटनमध्यें त्याच्या पुढच्या वर्षीं, एका खेळाडूनें चौदांहून अधिक काठ्या बाळगूं नयेत असा नियम झाला. तरीही भरलेली झोळी दहा-बारा किलोंची होतेच. बांबूउडी मारणाराची स्थिति तर याहूनही कठीण आहे. त्याचा वासा सुमारें पांच मीटर लांब असतो, आणि त्याची घडी घालतां येत नाहीं. पुढें ११ सप्टेंबर १९०१ नव्हे, तर २००१ ह्या दिवसाच्या घोर घटनेनंतर वजनाच्या जोडीस भयही आलें. गोल्फची काठी, क्रिकेटची बॅट, हॉकीची काठी हीं सर्व शस्त्रांच्या यादींत जाऊन बसलीं, व उतारूंच्या कक्षांत तीं नेण्याची मनाई झाली. अमेरिकेच्या अधिकाऱ्यांनीं मार्च १९१३ च्या बरोबर शंभर वर्षांनंतर, म्हणजे मार्च २०१३ मध्यें, दोन गोल्फकाठ्या जवळ बाळगण्यास मोकळीक देण्याचा बेत जाहीर केला होता. परंतु विमानसेवकांच्या व इतरांच्या विरोधामुळें तीन महिन्यांतच त्यांस तो मागें घ्यावा लागला.

पृथ्वीवरील विमानांत जर इतका काटेकोरपणा, तर पृथ्वी सोडून चंद्राकडे जाणाऱ्या यानांत तो किती असेल ह्याची श्रोत्यांनींच कल्पना करावी. अपोलो मोहिमांतील सॅटर्न अग्निबाण उड्डाणाच्या वेळीं सुमारें तीन हजार टन वजनाचा असे. त्यांतून चंद्राच्या पृष्ठभागाकडे उतरावयास निघे तें अवतरण-यान अवघें पंधरा टनांच्या आसपास, आणि शेवटीं तीन माणसांस घेऊन समुद्रांत पडे ती कुपी पांच-सहा टनांची. चंद्रावर नेलेल्या प्रत्येक किलोसाठीं पृथ्वीवर किती इंधन जाळावें लागत असेल हें ह्या आकड्यांवरून सहज ध्यानांत येतें. अशा यानांतून एक मनुष्य गोल्फच्या काठीचें डोकें व दोन चेंडू घेऊन गेला, तेथें खेळला, आणि काठीचें डोकें परत घेऊन आला. मानवाच्या प्रवासाच्या इतिहासांत खेळाचें साहित्य इतक्या दूर नेण्याचा हा पहिलाच प्रसंग होय. तें त्यानें चोरून नेलें काय, कोणाच्या परवानगीनें नेलें, आणि नेल्यावर त्याचें काय झालें, ही हकीकत मनोरंजक तर आहेच, पण विचार करण्यासारखीही आहे.

ह्या मनुष्याचें नांव ॲलन शेपर्ड. त्यांचा जन्म १९२३ सालचा. पेशा अमेरिकन आरमारांतील वैमानिकाचा. ५ मे १९६१ रोजीं ते अंतराळांत गेले, व तेथें जाणारे पहिले अमेरिकन ठरले. रशियाचे युरी गागारिन त्यांच्या आधीं अवघे तेवीस दिवस गेले होते. शेपर्ड ह्यांचें तें उड्डाण केवळ पंधरा मिनिटांचें होतें. पुढची मोठी उड्डाणें त्यांच्यासमोर होतीं. परंतु इतक्यांत दैवानें आडकाठी घातली. त्यांस अंतःकर्णाचा विकार जडला. मेनिएरचा रोग ह्या नांवानें तो ओळखला जातो. त्यांत भोवळ येते, तोल जातो, कानांत आवाज होतात. अशा मनुष्यास विमानांतही एकटें बसूं देत नाहींत, मग यानाची गोष्ट कशाला? सबंध पांच-सहा वर्षें ते इतर अंतराळवीरांचे अधिकारी म्हणून कचेरींत बसले, व ज्यांस आपण शिकविलें ते एकामागून एक आकाशांत जातांना पाहात राहिले. १९६८ सालीं त्यांनीं कानावर एक नवी शस्त्रक्रिया करून घेतली, ती यशस्वी झाली, आणि १९६९ सालीं त्यांस पुन्हां उड्डाणाची मुभा मिळाली. चंद्रावर त्यांनीं पाऊल ठेवलें तेव्हां त्यांचें वय सत्तेचाळीस वर्षांचें होतें.

गोल्फची काठी नेण्याची कल्पना त्यांस सुचली ती एका पाहुण्यामुळें. बॉब होप हे अमेरिकेचे प्रसिद्ध विनोदी नट एकदां ह्यूस्टन येथील अंतराळकेंद्र पाहावयास आले असतां हातांत गोल्फची काठी घेऊनच हिंडत होते. ती काठी पाहून शेपर्ड ह्यांच्या मनांत आलें कीं, चंद्रावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एकषष्ठांश, हवा मुळींच नाहीं. तेथें चेंडू टोलविला तर लोकांस ही गोष्ट प्रत्यक्ष दाखवितां येईल. त्यांनीं केंद्राचे प्रमुख रॉबर्ट गिल्रुथ ह्यांच्यापाशीं हा विषय काढला. गिल्रुथ ह्यांनीं प्रथम साफ नकार दिला. शेपर्ड ह्यांनीं मग आपली बाजू मांडली. साहित्याचा खर्च आपण स्वतः करूं, सरकारचा एक पैसाही त्यांत जाणार नाहीं. खेळ होईल तो सर्व कामें उरकल्यावर, अगदीं शेवटीं. आणि मोहिमेंत कांहींही बिघाड झाला तर काठी बाहेर निघणारच नाहीं. ह्या अटींवर परवानगी मिळाली.

येथें थोडें थांबून त्या वेळची परिस्थिति लक्षांत घेतली पाहिजे. एप्रिल १९७० मध्यें अपोलो १३ ह्या यानांत स्फोट होऊन त्यांतील तिघे केवळ सुदैवानें व धैर्यानें जिवंत परतले होते. ज्या फ्रा माउरो नांवाच्या प्रदेशांत त्यांनीं उतरावयाचें होतें, तोच प्रदेश आतां अपोलो १४ कडे सोंपविण्यांत आला होता. पुन्हां अपयश आलें असतें तर चंद्रावरील सगळ्या मोहिमाच धोक्यांत आल्या असत्या. अशा वेळीं मोहिमेच्या प्रमुखानें खेळाची गोष्ट काढावी, हें कोणा कडक अधिकाऱ्यास थिल्लरपणाचें वाटलें असतें तर त्यांत नवल नव्हतें. म्हणूनच त्या अटीचें महत्त्व. खेळ हा कामाचा हक्क नव्हे. तें काम पुरें झाल्यावर मिळणारें पारितोषिक आहे, असा तो करार होता.

मग काठी तयार झाली. सबंध काठी नेणें शक्य नव्हतें. परंतु चंद्रावरील माती उचलण्यासाठीं जें एक लांब दांड्याचें हत्यार यानांत होतेंच, त्याच्या दांड्यास बसेल असें डोकें करून घेतलें म्हणजे काम भागत होतें. ह्यूस्टनमधील एका गोल्फमंडळाचे शिक्षक जॅक हार्डेन ह्यांनीं विल्सन कंपनीच्या सहा नंबरच्या लोखंडी काठीचें डोकें ह्या कामासाठीं बेतून दिलें. म्हणजे काठीचा लांब भाग सरकारी, आणि तोही मातीच्या कामासाठीं नेलेला. शेपर्ड ह्यांचें स्वतःचें काय तें मूठभर लोखंड. तें मोज्यांत घालून नेलें. चेंडू दोन होते. ते कोणत्या कंपनीचे, हें शेपर्ड ह्यांनीं पुढें जन्मभर सांगितलें नाहीं. त्यामुळें कोणासही त्यांची जाहिरात करतां आली नाहीं. अंतराळांतील पोशाख घालून टोला मारण्याची तालीम त्यांनीं पृथ्वीवरच गुपचुप केली होती.

३१ जानेवारी १९७१ रोजीं अपोलो १४ निघालें. त्यांत शेपर्ड, एडगर मिचेल व स्टुअर्ट रूसा असे तिघे होते. प्रवास सुखाचा झाला नाहीं. पहिल्याच टप्प्यांत मुख्य यान व अवतरण-यान एकमेकांस जोडेनात. पांच प्रयत्न फुकट गेले, तेव्हां सहाव्यानें यश आलें. चंद्राभोवतीं फिरत असतां असें आढळलें कीं, उतरणें रद्द करण्याच्या कळींत दोष असून ती न दाबतांच दाबल्याची खूण गणकयंत्रास मिळत आहे. पृथ्वीवरच्या तंत्रज्ञांनीं घाईघाईनें नवी आज्ञावली रचून ती रेडिओवरून कळविली, व मिचेल ह्यांनीं ती आंकड्या-आंकड्यानें यंत्रांत भरली. पुढें प्रत्यक्ष उतरतांना उंची मोजणारें रडार काम देईना. तें शेवटच्या कांहीं मिनिटांत चालू झालें. इतक्या विघ्नांतून ५ फेब्रुवारी रोजीं यान चंद्रावर टेंकलें.

दोन दिवसांत दोन वेळां मिळून दोघे नऊ तासांहून अधिक वेळ बाहेर होते. त्यांनीं यंत्रें मांडलीं, भूकंपमापनासाठीं लहान स्फोट केले, आणि सुमारें ४२ किलो दगडमाती गोळा केली. दुसऱ्या दिवशीं कोन नांवाच्या एका मोठ्या विवराच्या कांठापर्यंत चढून जावयाचें होतें. सामानाची दुचाकी गाडी ओढीत ते चढले. परंतु त्या उघड्या, सावलीच्या खुणा फसविणाऱ्या प्रदेशांत कांठ कोठें आहे हें समजेना. दम संपत आला, वेळ संपत आला, आणि त्यांस परत फिरावें लागलें. मागाहून छायाचित्रांवरून कळलें कीं, ते कांठापासून अवघ्या तीसेक मीटरांवर होते! हातातोंडाशीं आलेला घास गेला म्हणतात तो असा. तरीपण नेमून दिलेलें बहुतेक सर्व काम पदरांत पडलें होतें. अट पाळली गेली होती.

मग ६ फेब्रुवारी रोजीं, यानांत परत चढण्याच्या आधीं, शेपर्ड दूरचित्रणाच्या कॅमेऱ्यासमोर येऊन उभे राहिले. मातीच्या हत्याराच्या टोंकास आपण खऱ्या सहा नंबरच्या काठीचें डोकें बसविलें आहे असें सांगून त्यांनीं चेंडू खालीं टाकला. दाबानें फुगलेला तो पोशाख इतका ताठ होता कीं दोन्ही हात एकत्र आणून काठी धरणें अशक्य होतें. म्हणून एकट्या उजव्या हातानें त्यांनीं टोला मारला. पहिल्या खेपेस चेंडूपेक्षां धूळच अधिक उडाली, आणि मिचेल ह्यांनीं ती चूक तत्काळ बोलून दाखविली. दुसऱ्या खेपेस चेंडू थोडासा बाजूस घरंगळला. ह्यूस्टनहून रेडिओवर बोलणारे गृहस्थ थट्टेनें म्हणाले कीं, चेंडू उजवीकडे वळलेला दिसतो! हे गृहस्थ म्हणजे फ्रेड हेज. अपोलो १३ मध्यें तेच होते, आणि यान सुरळीत पोंचतें तर ह्याच फ्रा माउरोच्या भूमीवर चालण्याचा मान त्यांचा होता. ज्याची यात्रा अर्ध्या वाटेंत मोडली, तो दुसऱ्याच्या यात्रेंत असा मोकळ्या मनानें हंसला, ही गोष्ट खेळाडूपणास शोभेशीच होय.

हेज ह्यांच्या थट्टेंत एक शास्त्रीय गंमतही आहे. पृथ्वीवर गोल्फचा चेंडू उडतांना वळतो तो हवेमुळें. चेंडू स्वतःभोवतीं फिरत असला म्हणजे हवा त्यास एका बाजूस ढकलते. त्याच्या अंगावरील लहान खळग्यांमुळें त्यास हवेंत अधिक वेळ तरंगतांही येतें. चंद्रावर हवाच नाहीं. तेथें खळगे निरुपयोगी, फिरकी निरुपयोगी, आणि चेंडूनें हवेंत वळणें सर्वथा अशक्य. तेथें चेंडू जाईल तो मारणारानें दिलेल्या दिशेनेंच जाईल. हवेवर दोष ढकलण्याची सोय नसलेलें असें हें एकच क्रीडांगण म्हणावें लागेल!

तिसऱ्या टोल्यास चेंडू नीट लागला व उडाला. मग दुसरा चेंडू टाकून शेपर्ड ह्यांनीं आणखी एक टोला मारला, आणि तो मैलोगणती गेला असें आनंदानें उद्गार काढले. मिचेल ह्यांनींही हात धुऊन घेतला. सूर्यावरून येणारे कण पकडण्याच्या प्रयोगासाठीं एक बारीक दांडा रोंवलेला होता. त्याचें काम झालें होतें. तो उचलून त्यांनीं भाल्यासारखा फेंकला. पहिला चेंडू आणि तो भाला एकाच उथळ खळग्यांत जवळजवळ जाऊन पडले, व ते आजही तेथेंच आहेत.

ह्या सर्वांत गैर कांहीं घडलें काय? तुलनेसाठीं दोन उदाहरणें पाहण्यासारखीं आहेत. मार्च १९६५ मध्यें जेमिनी ३ ह्या यानांत जॉन यंग ह्यांनीं कोणास न सांगतां एक सँडविच खिशांतून नेलें. पावाचे कण यंत्रांत शिरले असते तर अनर्थ झाला असता, म्हणून त्याची चर्चा अमेरिकेच्या कायदेमंडळापर्यंत गेली. अपोलो १४ नंतर कांहीं महिन्यांतच गेलेल्या अपोलो १५ च्या अंतराळवीरांनीं परवानगीवांचून सुमारें चारशें टपालाचीं पाकिटें चंद्रावर नेलीं. तीं विक्रीसाठीं होतीं हें १९७२ मध्यें उघडकीस येतांच त्यांस ठपका मिळाला.  फरक वजनाचा नव्हताच. काठी वरिष्ठांस सांगून नेली, स्वतःच्या खर्चानें नेली, आणि तिच्यापासून पैका मिळविला नाहीं. म्हणून तिच्यावर डाग नाहीं.

पुढें पस्तीस वर्षांनीं ह्याच खेळाचा दुसरा अंक झाला. नोव्हेंबर २००६ मध्यें रशियन अंतराळवीर मिखाईल त्यूरिन ह्यांनीं आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाच्या बाहेर येऊन सोन्याचा मुलामा दिलेल्या सहा नंबरच्या काठीनें चेंडू टोलविला. खेळण्याच्या चेंडूचें वजन पृथ्वीवर सुमारें ४६ ग्रॅम असतें. हा चेंडू अवघ्या ३ ग्रॅमांचा होता, कारण फिरत येऊन तो स्थानकासच लागेल कीं काय ही चिंता होती. ह्या खेळाचा खर्च काठ्या बनविणाऱ्या एका कॅनेडियन कंपनीनें जाहिरातीसाठीं दिला होता. तो चेंडू पृथ्वीभोवतीं शेपर्ड ह्यांच्या चेंडूच्या कित्येक पट अंतर गेला असला पाहिजे. परंतु त्याची आठवण किती जणांस आहे?

राहतां राहिला तो मैलांचा प्रश्न. शेपर्ड १९९८ सालीं वारले, तोंवर ती दंतकथा पक्की झाली होती. २०२१ सालीं, त्या घटनेस पन्नास वर्षें होत असतां, अँडी साँडर्स ह्या इंग्रज छायाचित्रतज्ज्ञानें त्या वेळचीं चित्रें आधुनिक साधनांनीं स्वच्छ करून दोन्ही चेंडू हुडकले व अंतरें मोजलीं. पहिला चेंडू गेला होता २४ यार्ड, आणि दुसरा ४० यार्ड. मैल तर दूरच, क्रिकेटच्या मैदानाची सीमाही त्यानें ओलांडली नसती. परंतु ह्यानें शेपर्ड ह्यांची अपकीर्ति होते असें समजण्याचें कारण नाहीं. आठ-नऊ तासांच्या श्रमानंतर, फुगलेल्या पोशाखांत, एका हातानें, मातीच्या हत्याराच्या दांड्यानें चाळीस यार्ड म्हणजे कांहीं थोडें नव्हे. आनंदांत काढलेला उद्गार हें मोजमाप नसतें, एवढें समजलें म्हणजे पुरे. आणि मोजमाप करणारानेंही तो आनंद खोटा ठरविला नाहीं, फक्त त्याची जागा दाखवून दिली.

काठीचें तें डोकें शेपर्ड ह्यांनीं १९७४ सालीं अमेरिकेच्या गोल्फसंघास अर्पण केलें, व तें न्यू जर्सी येथील संघाच्या संग्रहालयांत ठेवण्यांत आलें. वॉर्सा कराराच्या हिशोबानें त्या मूठभर लोखंडाची भरपाई शंभर-दोनशें फ्रँकांत आटोपली असती. चेंडू मात्र त्यांनीं परत आणले नाहींत. तेथें वारा नाहीं, पाऊस नाहीं. दोन लहान पांढरे चेंडू, एक काम संपलेला दांडा आणि दोघांच्या पावलांचे ठसे हीं सर्व, जेथें पडलीं तेथेंच, एकमेकांजवळ आहेत.